उंबराला दत्त आहे, करंजाला कोण?

मंडळी, आज सकाळी फुलपाड्यातल्या आमच्या सोसायटीची सभा झाली. विषय एकच होता, पार्किंगमधला उंबर तोडायचा. कारण काय, तर फळं पडून गाड्या खराब होतात आणि तिन्हीसांजेला वटवाघळं येतात.

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी इतिवृत्त लिहीत होते. विचारलं, "ठरावाला सूचक म्हणून कोणाचं नाव लिहू?"

सेक्रेटरी म्हणाले, "सर्वानुमते लिहा ना, मॅडम."

"तोडायचा अर्ज महापालिकेत जाणार. नाव लागेल," मी म्हटलं.

ज्यांच्या गाडीवर रोज फळं पडतात, ते सावंतकाका मोबाइलमध्ये डोकं घालून बसले. शेवटी सावंतकाकूच म्हणाल्या, "औदुंबर आहे तो, दत्ताचं झाड. आमचं नाव नका घालू."

मग कोणीच नाव दिलं नाही. उंबर वाचला.

खरं सांगते, मी काही देवभोळी नाही. मला त्या झाडावरचे तांबट आणि बुलबुल हवेत. पण आज दत्ताने मदत केली, तर मी कशाला नाही म्हणू?

पुढच्या रविवारी गेटजवळच्या करंजाचा विषय आहे. त्याचा पाला पडतो म्हणे. त्याच्याच कोवळ्या पानांवर फुलपाखरं अंडी घालतात, हे मी दोनदा सांगून झालंय. करंजात कुठलाच देव राहत नाही, त्यामुळे सूचक लगेच मिळेल.

विरोध करणाऱ्यांत पहिलं नाव मी माझंच लिहून ठेवलंय. आमच्या सोसायटीतले जे हे वाचतायत, त्यांना विचारते. दुसरं कोणाचं लिहू?