देवाच्या भिंतीतलं मोहोळ

त्या गुरुवारी सकाळी आंघोळ करून मी देवासमोर बसलो आणि दिवा लावायच्या आधी भिंतीतल्या एका भोकाला हळदकुंकू वाहिलं. खाली वाटीत रोजच्यासारखं गुळाचं पाणी ठेवलं. हसू नका... घरात मधमाश्या बसल्या की लक्ष्मी आली, असं आमच्याकडे समजतात.

आमचं गाव लोणारपासून जवळच. घर पक्कं बांधलं तेव्हा देवाची भिंत तेवढी जुनी, मातीचीच ठेवली, कारण तिच्यातला देवांचा कोनाडा वडिलांनी स्वतःच्या हातानं घडवलेला. त्याच भिंतीच्या पोकळीत दिवाळीनंतर मोहोळ बसलं. आग्यामोहोळ नव्हे, अंधारात राहणाऱ्या साध्या माश्या.

मला त्याचा अभिमानच वाटायचा. लोक बघायला यायचे. शेजारचे बडबडे किसनदादा रोज म्हणायचे, "तुह्या घरी आल्या बे, माह्या घरी काऊन येत नाहीत?"

त्यावर आमची मंडळी आतून म्हणायची, "दादा, तुमच्या घरात त्यायले बोलायले तरी भेटन का?"

पण एक गोष्ट मी मनातून बाजूला सारत होतो. आमची वैशू, एकुलती एक मुलगी, चिखलीला दिलेली. तिला मागच्या वर्षी शेतात एकच मधमाशी चावली होती. बघता बघता तोंड सुजलं, श्वास लागला... दवाखान्यात इंजेक्शन दिलं म्हणून ती वाचली. पुन्हा चावली तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आणि आता तीच पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती.

त्यात माझ्या गुळाच्या वाटीनं आणखी घोळ केला. वासानं गांधीलमाश्या येऊ लागल्या आणि मोहोळाच्या तोंडाशीच घिरट्या घालू लागल्या. एरवी शांत असणाऱ्या आमच्या माश्या चिडून घरभर फिरायला लागल्या. तरी मी म्हणत होतो, बघू... देवाची भिंत, घाई कशाला!

त्याच गुरुवारी दुपारी वैशूचा फोन आला. म्हणाली, "बाबा, मी इकडंच राह्यते. तुमच्या घरी लक्ष्मी आली म्हंता ना, तिले राहू द्या."

हसतच म्हणाली पोरगी. पण मी फोन ठेवला आणि तडक स्वयंपाकघरात जाऊन सगळं सांगितलं.

बायको भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "मी तं कवाची म्हणून राह्यली, भिंत फोडा. पण माह्यं आयकते कोण?"

"फोडतो. पण माश्या मारायच्या नाहीत," मी म्हणालो.

"मारायच्या कोण म्हंते? माह्यी पेटी हाय ना!"

ही पेटी म्हणजे मधमाश्या पाळायची. बचत गटाच्या बायकांना प्रशिक्षण झालं तेव्हा तिला मिळाली होती. मी तेव्हा चेष्टा केली होती, म्हणून तिनं रागानं तिच्यात लसूण भरून ठेवला होता. तो लसूण सुपात ओतून ती तयार.

मी देवांना हात जोडले, तांदूळ पसरलेल्या ताटात ठेवून दुसऱ्या खोलीत नेलं. दिवस मावळायला आला, माश्या घरट्यात परतल्या, तेव्हा आम्ही गोवरीचा धूर केला आणि मी भिंत फोडायला सब्बल घेतली. बायकोनं डोक्यावरून मच्छरदानी घेतली होती. मला देत होती, मी नको म्हणालो. म्हटलं, नामस्मरण करत राहिलं तर काही करत नाहीत.

पहिलंच ढेकूळ निघालं आणि भुवईवर, कानावर, मानेवर... "आता घ्या मच्छरदानी!" ती ओरडली. "मोठे आले महाराज!"

घेतली.

आत पोळी टांगलेली होती, हाताच्या पंजासारखी, एकामागे एक. मी अलगद कापून द्यायचो, ती लाकडी चौकटीत दोऱ्यानं बांधून पेटीत लावायची. मी विचारलं, राणी माशी कशी ओळखायची?

"ते जेवणानंतर शिकवलं होतं. आमी समद्या झोपल्या होतो."

भीती वाटत असतानाही दोघं हसलो. शेवटी ओंजळीनं माश्यांचे घोस पेटीत सोडले आणि वाट पाहिली. थोड्या वेळानं पेटीच्या दाराशी माश्या बूड वर करून पंख हलवू लागल्या आणि उरलेल्या रांगेनं आत शिरू लागल्या. म्हणजे राणी आत गेली होती... बायकोनं कमरेवर हात ठेवून माझ्याकडे जे पाहिलं ना, ते मला जन्मभर पुरेल!

पहाटे पेटी लांबच्या शेतात नेली, बियाण्याच्या कांद्याशी. गोंडे नुकतेच फुलले होते. माश्या फिरल्याशिवाय तिथं बी भरत नाही, त्यामुळे त्या उपाशी राहणार नाहीत आणि आमचंही भलं होईल. वैशू तिकडं फिरकणार नाही, हे तिच्याकडून आधीच कबूल करून घेतलं.

किसनदादांनी सुचवलं, भोक तेवढं बुजव. मी ऐकलं नाही. वडिलांच्या हातची भिंत होती, पाडताना जीव तुटला... पण सगळी पाडली. विटांची नवी उभी केली, गिलावा केला, एक फट ठेवली नाही. चुकून राहिलेल्या माश्या निघून जाईपर्यंत खोलीचं दार बंद आणि बाहेरची खिडकी उघडी ठेवली, मग देव परत मांडले.

माझ्या बायकोचा मला किती अभिमान वाटतो, हे तिला तोंडावर सांगणं जमत नाही, म्हणून इथं लिहितोय. देवानं दोघांच्या हाताला बळ दिलं, एवढंच म्हणेन. जावई म्हणत होते मी आणून सोडतो. मी नको म्हटलं, आणि काल स्वतः चिखलीला जाऊन वैशूला घरी घेऊन आलो.