मी न उघडलेला टॅब

माझ्या ब्राउझरमध्ये एकही टॅब मोकाट नसतो. पीएच.डी.साठी नांदेडला खोली घेतली तेव्हापासूनची ही शिस्त. प्रबंधाचा गट निळा, परदेशातल्या फेलोशिपच्या अर्जांचा हिरवा, किरकोळ सगळे राखाडीत. काम संपले की गट मिटायचा. मिटला की तो विषय डोक्यातूनही जातो, असा माझा अनुभव होता.

आईच्या गळ्यात गाठ आली तेव्हा मी लाल गट केला आणि त्याला ‘आई’ हे नाव दिले.

तिने जळकोटजवळच्या आमच्या गावाहून फक्त मला फोन केला होता. दातांचे निमित्त सांगून आम्ही दोघी लातूरला गेलो आणि सुईने गाठीतला नमुना काढून घेतला. अहवाल येईपर्यंत अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, कळता कामा नये, असे तिने मला बजावले. परत आल्यावर मी वाचत सुटले. पेशींचे प्रकार, पसरण्याच्या वाटा, किती रुग्ण किती वर्षे जगतात. शोधनिबंध वाचायची सवय असल्यामुळे प्रत्येक ‘कदाचित’चे वजन मला कळत होते, आणि त्यामुळेच भीती वाढत होती. गट मिटत असे. भीती मिटत नसे.

एका सकाळी त्या गटात मला एक परका टॅब दिसला. मराठीतून केलेला शोध: ‘गळ्यात गाठ आल्यावर जेवायला काय द्यावे’.

तो मी उघडलेला नव्हता. खाते कोणीतरी फोडले असावे, असे आधी वाटले; मग खरे कारण लक्षात आले आणि ते अधिक वाईट होते. दिवाळीत अण्णांचा नवा मोबाइल मीच सुरू करून दिला होता. आमच्या घरातल्या प्रत्येक मोबाइलवर माझेच खाते असते, कारण पासवर्ड लक्षात ठेवण्याचे काम माझ्याकडे आहे. आई तिचा मोबाइल बोलण्यापुरताच वापरते. पण अण्णा त्यावर बाजारभाव पाहतात. लाल गट त्यांच्याही हातात उघडत होता.

मी घाईने गट पुसून टाकला. थोड्याच वेळात फोन वाजला.

“बाई, ते लाल कुठं गेलं?”

“कोणतं लाल, अण्णा?”

“आईचं. अर्धंच वाचून झालं होतं माझं.”

इंग्रजी पाने ते मोबाइलकडून मराठी करून घेत होते, शेतात बसून, एकटेच. किती समजले, असे मी विचारले.

“समजायचं तेवढं समजलं. मला ठाव हाय म्हणून तुझ्या आईला सांगू नको. भिऊन जाईल ती.”

मी गट पुन्हा उभा केला. जगण्यामरण्याच्या आकड्यांचे पान तेवढे वगळले. ते त्यांनी आधीच वाचले होते, हे मला दुसऱ्या दिवशी कळले, कारण ते पान गटात परत आले होते. त्यानंतर मला लॅपटॉप उघडायचीच धास्ती वाटू लागली. प्रत्येक नव्या टॅबबरोबर अण्णा किती खोल गेले आहेत, हे दिसत होते.

अहवाल आणायला पुन्हा आम्ही दोघीच गेलो. नुसत्या सुईच्या नमुन्यावरून पक्के सांगता येत नाही, गाठ काढल्यावरच कळेल, असे डॉक्टरांनी सांगितले. आई पाणी आणायला गेली तेवढ्यात मी लातूरच्या बसस्टँडवरून अण्णांना फोन केला. ते फक्त “हाव” म्हणाले. बसमध्ये आईने पुन्हा बजावले की शस्त्रक्रियेची तारीख ठरेपर्यंत अण्णांपाशी बोलायचे नाही.

काल गटात आणखी एक टॅब आला: ‘गळ्याचे ऑपरेशन झाल्यावर आवाज जातो का’. आता हे तरी वाचू नका, असे सांगायला मी अण्णांना फोन केला.

“म्या न्हाई उघडलं ते,” अण्णा म्हणाले. मग आवाज एकदम खाली आणून त्यांनी विचारले, “बाई, तिच्या मोबाइलवर पण तुझंच खातं हाय का?”