मलमलीच्या पिशव्या

विश्रांतवाडीत ब्लाऊज शिवणाऱ्या पुष्कळ, पण उत्कर्षानं घातलेला टाका उसवला असं अजून कुणी म्हटलेलं नाही. काज सूतभर इकडेतिकडे झालं तरी ती सगळं उसवून पुन्हा करते. गिऱ्हाईक म्हणतं, अहो चालेल. हिला चालत नाही. नवरा उत्तरेश्वर खराडीच्या एका कंपनीची बस चालवतो. दोघं लातूरकडून आले ते पोटासाठी, आणि पुण्यात टिकून राहिले ते सृष्टीसाठी.

सृष्टी त्यांची एकुलती एक. जन्मली आणि पिवळी पडली ती पडलीच. आधी साधी कावीळ म्हणून कोवळ्या उन्हात धरून झालं, दृष्ट काढून झाली. मग डॉक्टरांनी सांगितलं, की लिव्हरमधून पित्त बाहेर नेणाऱ्या नळ्याच बंद आहेत. दोन महिन्यांच्या जीवाचं पोट उघडून आतडं लिव्हरला जोडलं. पित्त वाहू लागलं, पण पुरतं नाही. पुढेमागे लिव्हर बदलावं लागेल, तोवर तिला खाऊपिऊ घाला, वाढवा, असं डॉक्टर म्हणाले. उत्कर्षानं ऐकून घेतलं आणि पदर खोचला.

या आजारात खाज फार. औषधानं कमी व्हायची, जायची नाही. नखं कितीही बारीक कापा, पोरगी गाल आणि पाय रक्त येईपर्यंत ओरबाडायची. ते बघवेना, तेव्हा उत्कर्षानं जुन्या मलमलीच्या दोन पिशव्या शिवल्या, मनगटाशी नाडी, आणि सृष्टीचे हात त्यात घातले. आधी पांढऱ्या शिवल्या. मग फ्रॉकला मॅचिंग, लेस लावलेल्या. शेजारणी कौतुक करायच्या. डॉक्टरांकडे जाताना तेवढ्या ती काढून ठेवायची, कारण तिथं कातडी दाखवायची असे. डॉक्टर म्हणायचे, वा, एक ओरखडा नाही. उत्कर्षाची कॉलर ताठ व्हायची. पिशव्यांचं त्यांनी विचारलं नाही, हिनंही सांगितलं नाही.

आता हातच पिशवीत म्हटल्यावर बाकीचं सगळं इतरांनी करायचं. सासूबाई, दुर्गाबाई, घास भरवायच्या. पाणी हवं असं तोंडातून निघायच्या आत पेला ओठांना लागायचा. चप्पल कुणी घालायचं, नाक कुणी पुसायचं. घरातली तीन मोठी माणसं तिला तळहाताच्या फोडासारखं जपत होती, आणि तिच्या तळहातांना काय येतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पोरीला पाचवं लागलं.

मार्चमध्ये उत्कर्षा तिला घेऊन शाळेत गेली. जवळच एक छोटी बालशाळा आहे. तिच्या मुख्य कुसुमबाई पेठेतल्या. बोलणं पेठेतलंच, गोड न करता वाढलेलं. फाटकापाशी उत्कर्षानं पिशव्या काढून पर्समध्ये टाकल्या. कुसुमबाईंनी सृष्टीपुढे कागद आणि एक जाडा लाल खडू ठेवला. पोरीनं बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग दोन्ही तळहातांच्या मध्ये धरून तो उचलायला गेली. तो घरंगळला, पुन्हा घरंगळला, टेबलाखाली गेला. तेव्हा सृष्टी शांतपणे आईकडे वळली आणि दोन्ही मनगटं जुळवून तिच्यापुढे धरली. घाल पिशव्या, म्हणून.

कुसुमबाईंनी सगळी हकीकत विचारून घेतली. मग चष्मा काढून म्हणाल्या, "अहो, आजारी लिव्हर आहे ना हिचं? मग हातांना कसली शिक्षा?"

जूनमध्ये तिच्या वयाच्या मुलांबरोबर मोठ्या गटात बसवून बघते, असं त्यांनी कबूल केलं, पण एक महिना. डबा आपला आपण खायचा, हवं-नको तोंडानं सांगायचं, कपडे आपले आपण करायचे. नाही जमलं तर बालगटात, अडीच-तीन वर्षांच्या पिल्लांत बसायचं. "मुलगी शाळेत घालायची आहे की देव्हाऱ्यात बसवायची आहे, ते तेवढं घरी ठरवा," असं वर ऐकवलं.

उत्कर्षा रस्ताभर धुमसत आली. घरी येऊन मशीनवर बसली, आणि पायडल मारायच्या आधीच रडू फुटलं. राग बाईंचा नव्हता. त्या पिशव्यांना लेस आपण लावली, याचा होता. आजारानं पोरीचं लिव्हर नेलं होतं. हात आपण नेले, असं तिला वाटलं, आणि ते खरंच होतं.

पुढच्या तपासणीला ती पहिल्यांदाच पिशव्या न काढता गेली. डॉक्टरांनी नाडी सोडून दोन्ही हात उलटसुलट पाहिले. रागावले नाहीत. खाजेचं औषध बदलून दिलं, लावायला मलम दिलं, आणि हाताचे व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमकडे धाडलं. त्या म्हणाल्या, खेळणी विकत घेऊ नका, घरातलं काम द्या. हात कामात राहिले की ओरबाडणंही कमी होईल. झोपेत हवं तर पिशव्या घाला, दिवसा नको.

मग त्या घरात जे सुरू झालं त्याला उत्तरेश्वर गमतीनं कारखाना म्हणायचा. सकाळी भुईमुगाच्या शेंगा फोडायच्या, दुपारी चिंचोके या वाटीतून त्या वाटीत टाकायचे, संध्याकाळी कणकेच्या गोळ्या. उत्कर्षानं एका जाड कापडावर कोटाच्या मोठ्या बटणापासून शर्टाच्या बारक्या बटणापर्यंत सगळी ओळीनं लावली आणि समोर काजं केली. पहिल्या आठवड्यात पोरीनं गालाची सालटी काढली. शेंगा कमी, रडणं जास्त. दुर्गाबाईंचा जीव वरखाली व्हायचा.

"लेकरू रगत काढाय लागलंय, अन् तू त्येला शेंगा फोडाय लावतीस व्हय?"

"रक्त मी पुसते, आत्या," उत्कर्षा म्हणाली. "तुम्ही फक्त भरवू नका."

फक्त म्हणणं सोपं. ताटापुढे सृष्टी भाकरीशी झटापट करायची, निम्मा वरणभात मांडीवर जायचा, आणि दुर्गाबाईंचा हात आपोआप पुढे यायचा. उत्कर्षा नुसती बघायची; तो मागे जायचा. शेवटी एके दिवशी म्हातारीनं स्वतःचेच दोन्ही हात पदरात गच्च गुंडाळून घेतले आणि नातीसमोर बसून राहिली. त्या दिवशी सृष्टीनं पहिला अख्खा घास तोंडात घातला. दुर्गाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि पुसायला हात मोकळे नव्हते.

जून लागला. सृष्टी पहिले काही दिवस शाळेत नुसती बसून राहायची. कधी दमून डेस्कवर डोकं टेकायची. खाज सुटली की कुसुमबाई तिच्या हातात ओल्या मातीचा गोळा द्यायच्या. उत्कर्षा रोज फाटकावर विचारायची. उत्तर यायचं, महिना व्हायचाय अजून.

महिना भरला त्या दिवशी बाईंनी तिला आत बोलावलं. बालगटाची खोली दाराशीच होती, आणि तिकडे बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं.

कुसुमबाई म्हणाल्या, आज डबा खाताना सृष्टीनं अंगावर पाणी सांडलं. मग आपण होऊन बाईंकडे आली, शर्ट ओला झाला म्हणाली, दप्तरातला दुसरा काढला. शाळेच्या मावशी बटणं लावून द्यायला गेल्या तर हिनं त्यांचा हात बाजूला सारला. "अख्खी मधली सुट्टी त्या बटणांत घालवली तिनं. खेळायला म्हणून गेली नाही. हट्टी आहे. कुणावर गेली ते विचारत नाही." आणि मोठ्या गटाच्या पुस्तकांचा संच त्यांनी टेबलावर सरकवला.

सृष्टी बाहेर आली. शर्टाचं पहिलं बटण दुसऱ्या काजात गेलेलं, तिथून खाली सगळी ओळ चुकलेली, आणि एक टोक गुडघ्याकडे लोंबत होतं. काज इकडेतिकडे झालं की अख्खा ब्लाऊज उसवणाऱ्या बाईचे हात शिवशिवले. तिनं पर्सचा बंद घट्ट धरला.

चौकात एक शेजारीण भेटली. हसून म्हणाली, टेलरणीच्या पोरीची ही कळा, आणि खाली वाकून तिनं सृष्टीच्या बटणाला हात घातला. उत्कर्षानं तो हात मनगटाशी धरला.

"राहू द्या," ती म्हणाली. "तिनं लावलीत."