शेवटच्या पंगतीचे सर

ईश्वराने काळ निर्माण केला, तेव्हा आमच्या व्याह्यांचा सल्ला घेतला नव्हता, हे निश्चित. घेतला असता तर दिवस निम्माच झाला असता, ऊस लावल्यापासून सहा महिन्यांत तोडणीला आला असता आणि सत्यनारायणाची पोथी एकाच अध्यायात आटोपली असती. मी स्वभावाने संथ. पाठशाळेत गुरुजींनी एकेक पद तोंडात घोळवायला शिकवले. ते वळण या वयातही सुटलेले नाही. देवपूजेला बसलो की गंध उगाळण्यातच घरच्यांचा पहिला चहा होऊन जातो. अशा माणसाची कन्या आणि त्या वादळाचे चिरंजीव एकाच महाविद्यालयात शिकले, त्यांनी आपापसात जमवले आणि आम्हा दोघांना केवळ आशीर्वादापुरते बोलावले. त्या दिवसापासून हे विलक्षण गृहस्थ माझे व्याही झाले, आणि माझ्या आयुष्याला जी काही गती आहे ती त्यांच्यामुळे आहे.

लग्नातच त्यांची ओळख पटली. मंगलाष्टके मी स्वतः म्हणणार होतो, आणि तीही वृत्ताला जराही धक्का न लावता. पहिल्याच ‘सावधान’ला व्याह्यांनी हातातल्या सगळ्या अक्षता उधळून टाकल्या. दुसऱ्या अष्टकाला शेजाऱ्याच्या मुठीतल्या घेतल्या, तिसऱ्याला वधूच्या आत्याबाईंच्या. चौथ्याच्या आरंभी ते अंतरपाटावरून वाकून मला म्हणाले, “पाव्हणं, आवरा की! नवरानवरी हितंच म्हातारी व्हतील.” मांडव हसला. मी मात्र चौथे अष्टक पूर्ण म्हटले.

दूरध्वनीवर ते प्रश्न विचारीत आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकीत. “पाव्हणं, बरं हाय का? बरंच असणार. ठेवतो.” देवळात प्रदक्षिणा घालताना ते पुढच्या भक्ताला मागे टाकीत आणि टाकल्यावर त्याला नमस्कार करीत. अंगणात पेरूचे रोप लावले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पाने उचलून खाली काही लागले आहे का, हे पाहताना मी त्यांना प्रत्यक्ष पाहिले आहे. पंगतीत शेजारचा मनुष्य भातावर वरण कालवीत असे, तोवर व्याही जेवून, हात धुऊन, वाढायला उभे राहिलेले असत. मात्र एका गोष्टीत त्यांना कधीही घाई नसे. पंगती उठू लागल्या की ते मांडवाच्या तोंडाशी जाऊन उभे राहात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारीत, “बसायचं कोन राहिलंय का?” त्यांचे वडील बावडा गावी उत्सवातल्या पंगतींची व्यवस्था पाहात. शेवटचा मनुष्य पानावर बसल्याखेरीज त्यांनी स्वतः कधी घास घेतला नाही. घाई कोणाकडून आली हे ठाऊक नाही, परंतु हा प्रश्न व्याह्यांना वडिलांकडून आला होता.

व्याही इंदापूरकडच्या एका लहानशा महाविद्यालयात क्रीडाशिक्षक होते. तेथे मुलींचा बास्केटबॉलचा संघ करायचा ठरले, तेव्हा पंधरा मुली नाव द्यायला आल्या. कुणी ऊसवाल्याची, कुणी दूधवाल्याची, कुणी भाजीवाल्याची. उंच अशी एकही नव्हती. मैदानावर तर एका वेळी पाचच उतरतात. दुसरे कोणी असते तर त्याने निवड केली असती. व्याह्यांनी पंगती केल्या. पाच मुलींची पहिली पंगत, पाचांची मधली, पाचांची शेवटची. एका पंगतीने मैदानभर जीव तोडून धावायचे, दिसेल तिच्या हातून चेंडू ओढायचा, मिळाला की दुरूनच टोपलीकडे फेकायचा आणि दमण्यापूर्वी उठायचे. लगेच पुढची पंगत आत. “बॉल हातात धरून वाळवायचा न्हाय,” ते मुलींना सांगत, “त्यो काय पापड हाय व्हय?” समोरच्या संघाने टोपलीत चेंडू टाकला तर त्यांना वाईट वाटत नसे. “टाकू द्या की! त्यांनी टाकला की बॉल आपला. मग आपुन टाकू. त्यांचा एक, आपले दोन.” या शेवटच्या हिशेबाला कोणताही आधार नव्हता, परंतु मला त्यात दानाचे काहीतरी तत्त्व दिसे आणि मी मान डोलवीत असे.

माझे काम वेगळेच होते. पंगत केव्हा उठवायची हे पाहायला व्याह्यांजवळ घड्याळ होते. परंतु खेळ रंगला की ते घड्याळाकडे न पाहता घड्याळ बांधलेला हात हवेत फिरवीत. एके दिवशी त्यांनी माझा हात धरून मला बाकावर आणून बसवले. “पाव्हणं, तुमी रोजचं ते स्तोत्र म्हनता, त्याच्यात कधी घाई न्हाय का ढिलाई न्हाय. म्हना. आठ श्लोक झालं की मी पंगत उठवतो.” देवाच्या नामाचा असा उपयोग करावा की नाही, याचा मी एक दिवस विचार केला. नाम कोठेही घ्यावे, असे पूर्वसूरींनी सांगितले आहे. मैदान वगळा, असे कोठेही सांगितलेले नाही. मी म्हणू लागलो. खेळ सुरू झाला की चरण सुरू, शिट्टी वाजली की विराम. आठवा श्लोक संपला की पुढच्या थांब्याला पाच मुली बाहेर, पाच आत.

आणि काय सांगावे! समोरच्या धिप्पाड मुली पहिल्या अर्ध्यात हसत, दुसऱ्या अर्ध्यात पाणी मागत. आमच्या मुली मात्र प्रत्येक पंगतीला नुकत्याच न्हाऊन आल्यासारख्या ताज्या. गुणफलक लिहिणाऱ्या कारकुनाचा हात दुखून येई. एका सामन्यात तो उठून व्याह्यांपाशी आला आणि म्हणाला, “सर, जरा दम खावा. खडू संपला.”

परंतु प्रत्येक पद्धतीत दोष असतो, आणि हिचा दोष वडगाव निंबाळकरला उघडा पडला. तेथल्या शिक्षिका शहाण्या. त्यांनी आपली सर्वांत उंच मुलगी आमच्या टोपलीखाली उभी केली आणि बाकीच्यांना सांगितले, “या धावतायत ना, धावू द्या. यांच्या डोक्यावरून चेंडू फेका.” आमच्या पाचही जणी चेंडूमागे पुढे गेलेल्या, मागे राखायला कोणी नाही. शिवाय त्या दिवशी दुरून फेकलेला एकही चेंडू टोपलीत पडायला तयार नव्हता. आमच्या खेळाला शोभेल अशाच गतीने पराभवही आला; मी स्तोत्राची पहिली आवर्तने पुरी करीपर्यंत सामना हातचा गेलेला होता.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी व्याह्यांना बोलावले. मी व्हरांड्यात बसलो होतो; दार उघडेच होते. प्राचार्य मनाने सज्जन, परंतु शिस्तीचे. “सर, हा खेळ आहे की जत्रा?”

“जत्राच हाय की सर. जत्रंला समदी येत्यात.”

“पुढच्या वर्षी तुम्ही निवृत्त होताय. या वर्षीची अंतिम फेरी जिंकलात, तर तुमची पंगत तुमच्या मागेही चालू ठेवू. हरलात, तर निवडक सात मुली आणि शास्त्रशुद्ध खेळ.”

“आन् बाकीच्या आठजणी?”

“त्यांनी टाळ्या वाजवाव्यात.”

व्याही बाहेर आले आणि, आश्चर्य म्हणजे, सावकाश चालत फाटकापर्यंत गेले. तेथे शेवटच्या पंगतीतली वरकुटे गावची मुलगी एकटीच चेंडू फेकीत होती. तिचे वडील दोडका-कारल्याचे माळवे, म्हणजे भाजीपाला, करीत. ही मुलगी चेंडू फेकताना डोळे घट्ट मिटून घेई, त्यामुळे तो कोठे गेला हे तिला इतरांना विचारावे लागे. सात निवडायच्या ठरल्या, तर पहिली गळणार ती हीच.

साखळीतले उरलेले सामने काढीत, धडपडत आम्ही अंतिम फेरी गाठली. ती बारामतीत, मोठ्या महाविद्यालयाच्या संघाशी, त्यांच्याच मैदानावर. आमच्या बाजूने लोक किती येतील याची मला शंका होती. पाहतो तो पिकअप येताहेत, टेम्पो येताहेत. पंधरा घरची माणसे: आईवडील, चुलते, माम्या, कडेवरची पोरे, सोबत चटणीभाकरीची गाठोडी. आपली मुलगी नक्की खेळणार, हे प्रत्येक घराला ठाऊक होते. यजमान संघाच्या बाजूच्या पायऱ्या मात्र बऱ्याचशा रिकाम्या होत्या. वरकुट्याचे माळवेवाले तर पहिल्या रांगेत उभे राहून परक्या मुलीलाही ओरडून सांगत होते, “पळ गं बाई, पळ!”

सामना अटीतटीचा झाला. त्यांच्या मोजक्या मुली ताकदीच्या, आमच्या पंगती वेगाच्या. शेवटी वेळ सरत आली तेव्हा आम्ही एका गुणाने मागे होतो. मैदानावर आमची मधली पंगत होती, म्हणजे आमच्या सर्वोत्तम पाच मुली, आणि त्या रंगात आल्या होत्या. माझा सातवा श्लोक संपला. आठव्यानंतर पाळी शेवटच्या पंगतीची. मागून प्राचार्यांचा आवाज आला, “सर, आता बदलू नका! याच राहू द्या!”

व्याह्यांचा हात माझ्या गुडघ्यावर आला. “पाव्हणं,” ते माझ्या कानाशी म्हणाले, “जरा सावकाश म्हना.”

ज्या मनुष्याने माझी मंगलाष्टकेही घाईत काढायला लावली असती, तो मला सावकाश म्हणा असे सांगत होता. मी त्यांच्याकडे पाहिले. त्यांच्या सगळ्या सेवेची पुढची वाट त्या एका श्लोकात अडकली होती, हे मला दिसत होते. माझा चरण ओठांवर थबकला.

परंतु स्तोत्र थबकले नाही. बाकाच्या टोकाशी शेवटच्या पंगतीच्या पाचजणी बुटांच्या नाड्या बांधून उभ्या होत्या आणि ओठांतल्या ओठांत म्हणत होत्या. वर्षभर ऐकून ऐकून त्यांना ते पाठ झाले होते, माझ्याच लयीत, माझ्याच विरामांसह. मला कळलेही नव्हते. वरकुट्याच्या मुलीने शेवटचा चरण मोठ्याने पुरा केला आणि व्याह्यांकडे पाहिले. बसायला पान मिळेल का, असे विचारणाऱ्या माणसाची ती दृष्टी होती.

व्याही ताडकन उठले. “व्हय गं माझ्या बायांनो, बसा पंगतीला!” आणि पुढच्या शिट्टीला पाचजणी आत गेल्या. मागे प्राचार्यांनी कपाळाला हात लावला.

बारामतीच्या मुली गुडघ्यांवर हात टेकून श्वास घेत होत्या. आमच्या पाचजणींनी त्यांना असे घेरले, की चेंडू सुटलाच. तो घरंगळत वरकुट्याच्या मुलीपाशी आला. “टाक!” व्याही ओरडले. तिने टाकला, आणि मी शपथेवर सांगतो, डोळे उघडे ठेवून टाकला. चेंडू कड्यावर बसला, कड्याभोवती अगदी माझ्यासारखा संथपणे एक फेरा घालून बाहेर पडला. शिट्टी झाली. आम्ही हरलो.

मग पहिल्या रांगेतून माळवेवाल्यांचा आवाज आला, “लागला की गं कड्याला! आजवर कवा लागला हुता का?” आणि आमची सगळी बाजू मैदानात उतरली. जिंकलेल्या मुली जमिनीवर आडव्या पडल्या होत्या, आणि हरलेल्या मुलींना त्यांच्या माम्या कडेवर घ्यायला पाहात होत्या. प्राचार्यांना तर लोकांनी घेरूनच टाकले. “सर, पुढली म्याच कवा? टेम्पो आदी सांगाय लागतो.” “सर, आमची धाकटी बी पुढल्या साली येतीया, तिला कंच्या पंगतीत घेताय?” प्राचार्यांनी त्या गर्दीकडे पाहिले, समोरच्या रिकाम्या पायऱ्यांकडे पाहिले, आणि मग व्याह्यांकडे. “सर,” ते म्हणाले, “ही जत्रा पुढच्या वर्षी आपल्याच मैदानावर भरवू. आणि टोपलीखाली राखायला एकीला तरी ठेवा.”

“ठेवतो सर,” व्याही म्हणाले. “आळीपाळीनं.”

त्या संध्याकाळी मैदानाच्या कडेला गाठोडी सुटली. मुली जेवल्या, घरची माणसे जेवली, प्राचार्यही बसले. व्याही शेवटी बसले आणि एकेक घास इतका सावकाश चावीत होते, की मी जेवून उठलो तरी त्यांच्या पानात अर्धी भाकरी होती. मी प्रथमच त्यांना वाढले.

आता ते निवृत्त झाले आहेत. पंगती चालू आहेत. नव्या शिक्षिका घंटा वाजवतात, तरी मुली स्तोत्र म्हणतातच, असे ऐकतो. व्याह्यांचे गुडघे दुखतात. संध्याकाळी ते माझ्या ओट्यावर येऊन भिंतीला टेकून बसतात. “म्हना पाव्हणं, सावकाश म्हना. घाई कुटं हाय?” मी म्हणू लागतो. आठवा श्लोक संपतो, मी नकळत थांबतो, आणि तेही नकळत गुडघ्यांवर हात देऊन अर्धवट उठतात. गल्लीत कोणीच नसते. आम्ही एकमेकांकडे पाहतो, ते पुन्हा बसतात, आणि मी नववा श्लोक सुरू करतो.