अकराव्या महिन्याचं बक्षीस

दुपारी जेवण झालं की मी दिवाणावर आडवी होते आणि वरच्या खोल्यांमधलं ऐकत पडते. चोरून ऐकणं नव्हे हे. स्लॅबच पातळ पडला, त्याला मी काय करणार? वर कोण चालतंय, पोळपाट कुठे ठेवला, कोण कुणावर रुसलंय, सगळं खाली उतरतं. गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखान्याच्या बाजूने उकळत्या रसाचा गोडसर वास येतो, दोरीवरच्या पांढऱ्या कपड्यांवर चिमणीच्या राखेची काळी भुरी येऊन बसते, आणि झोप आणि जाग यांच्या मधली एक जागा मला सापडते. तिथे माझ्या डोक्यावर राहून गेलेले सगळे भाडेकरू एकदमच नांदत असतात. कापसाच्या पेढीवरचा तो सारखा शिंकणारा कारकून, रविवारी कडक इस्त्रीची साडी नेसून चर्चला निघणारी नर्सबाई, टायपिंग शिकायला आलेल्या दोघी बहिणी. सगळे एकाच वेळी चालत असतात आणि कुणी कुणाला धडकत नाही.

त्या गर्दीतून एक बाई मात्र खाली उतरून माझ्या पायथ्याशी येऊन उभी राहते. घट्ट अंबाडा, हातात वही, नाकावर राग. पस्तिशीतली मी.

मला तिची आता फार गंमत वाटते. वरच्या दोन खोल्या बांधून झाल्या तेव्हा आमचे हे म्हणाले होते, "देऊ कुणाला तरी. घरात चार भांडी वाजतील." ही बाई म्हणाली, "असं कसं देऊ? करार पाहिजे." मुद्रांक विकणाऱ्याने अकरा महिन्यांच्या कराराचा छापील मसुदा दिला. त्यात सात अटी होत्या. हिला सात कशा पुरणार? हिने जेवणाच्या टेबलाशी बसून, जिभेचं टोक बाहेर काढून, वळणदार अक्षरात आणखी लिहायला घेतल्या; पुढे एकेका भाडेकरूच्या रागाने त्या वाढत बारा झाल्या. भिंतीला खिळा मारू नये. गच्चीत पापड घालायचे तर आधी विचारावे. मोठ्या आवाजात भांडू नये. ही शेवटची अट आम्ही दोघं खाली रोज मोडत होतो, पण ती भाडेकरूंसाठी होती.

प्रत्येक अटीला दंड. खिळ्याला तर नगावर. तो शिंकणारा कारकून खोली सोडून निघाला त्या दिवशी ही बाई वर जाऊन भिंती तपासत होती. त्याने कागदाची एक पुडी तिच्या हातात ठेवली. "घ्या वहिनी, तुमच्या भिंतीचे बावीस खिळे. भोकं तेवढी उपसता आली नाहीत."

आणि अकरा महिने पुरे न करता कुणी गेलं, तर अनामत जप्त. याचा परिणाम असा झाला की लोकांनी सांगून जाणंच सोडलं. दोन महिने भाडं थांबवायचे, अनामत अशी वळती करून घ्यायचे, आणि एका सकाळी कुंडीत किल्ली पुरलेली असायची. अशा एकाच्या मागे ही बाई एसटीने नेवाशाला गेली. पदर खोचून, वाटेत शब्द जुळवत. त्याच्या आईने हिला पाय धुवायला गरम पाणी दिलं, बाजरीची भाकरी आणि ठेचा वाढला, "एवढं लांबून पोराला भेटायला आलात" म्हणून डोळ्यांना पदर लावला. पोरगा कोपऱ्यात बसून हिच्याकडे बघेना. संध्याकाळी बाई परत आली ती पिशवीभर वांगी घेऊन. भाड्याचं बोलायचं राहूनच गेलं. हे दारातच म्हणाले, "वा! वसुली चांगली झाली."

पुढे हे गेले. मुलं पुण्याला गेली. अटी मात्र एकोणीसच्या एकोणीस घरात राहिल्या.

मग एका मे महिन्यात नात सुट्टीला आली. ती स्वतः पुण्यात भाड्याच्या खोलीत राहते, त्यामुळे तिला या विषयातलं दुखणं ठाऊक. खरा करार हल्ली ऑनलाईन होतो, मशीनवर अंगठा ठेवून. पण माझ्या अटींचं पान मी वेगळं घरगुती ठेवलेलं असतं. ते तिने मोठ्याने वाचलं आणि हसून हसून तिला ठसका लागला.

"आजी, हा करार आहे का तुरुंगाची नियमावली?"

"तू खोल्या बांध, मग बोल."

"अगं, पण पळून जातात ना सगळे? मग उलटं कर. दंड काढून टाक, बक्षीस ठेव. जो अकरा महिने अटी पाळून राहील, त्याला अकराव्या महिन्याचं भाडं माफ. बघ कसे चिकटून राहतात ते."

मला ते एकदम पटलं. आयुष्यभर काठी घेऊन हिंडलेल्या माणसाला कुणीतरी गुळाचा खडा दाखवावा तसं झालं. मी दंडाच्या ओळी खोडल्या आणि तळाशी बक्षिसाची ओळ लिहिली. अटी मात्र पुन्हा वाचल्या नाहीत. आळस, दुसरं काय! आणि थोडं प्रेमही असेल. अक्षर चांगलं होतं तेव्हा माझं.

जूनमध्ये ते दोघं आले. तो कारखान्यात काट्यावर, म्हणजे उसाच्या ट्रॅक्टरचं वजन होतं तिथे, पाळीने कामाला. ती संगमनेरच्या पुढच्या अकोले तालुक्यातल्या डोंगरातली, लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. मी बक्षिसाचं सांगितलं तेव्हा त्याने संशयाने विचारलं, "आजी, खरंच माफ? आणि मग पुढच्या वर्षी वाढवणार का दुप्पट?" पोरीने ते पान मागून घेतलं, वहीच्या कागदावर सगळं उतरवून काढलं आणि गॅसच्या ओट्यावरच्या फरशीला पिठाच्या खळीने चिकटवलं.

त्या दोघांसारखे वाचक माझ्या लेखनाला कधी मिळाले नाहीत. कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीने टांगलेलं. पापड घालायच्या आदल्या दिवशी पोरगी जिन्यात उभी राहून विचारायची, "आजी, उद्या नाचणीचे घालू का?" भांडण झालं तर आवाज न करता. वर नुसती ताटली जरा जोरात ठेवल्याचं कळायचं, मग बराच वेळ काही नाही, मग हसणं. मी खाली पडल्या पडल्या स्वतःवर खूश. पायथ्याची ती पस्तिशीतली बाई तर वही मिटून टाळ्या वाजवायला लागली होती.

दिवाळीच्या सुमाराला पोरीची चाल बदलली. टाच आधी पडायला लागली. मधेच थांबायची, टेकल्यासारखी. मी डोळे मिटून महिने मोजले. वर जाऊन तोंड गोड करून आले, दोन वेळा पुरणपोळी पाठवली. पहिलंच बाळंतपण, सातव्यात ओटी भरून माहेरी जाणार हे ठरलेलंच. "कधी निघणार गं?" विचारलं की म्हणायची, "आईची भाताची कापणी चाललीय." कापणी झाली असेल म्हणून परत विचारलं, तर म्हणाली, "झोडणी चाललीय." मी शहरात वाढलेली असले तरी भात झोडायला दीड महिना लागत नाही एवढं मलाही कळतं.

मार्गशीर्षात एका सकाळी तिची आई आली. डोक्यावर नव्या काळभाताच्या तांदळाची पिशवी. जिना चढून ती वर गेली आणि तासाभरात सगळं घर त्या शिजणाऱ्या तांदळाच्या वासाने भरून गेलं. मला वाटलं आपण डोंगरातच कुठेतरी झोपलोय, अंगावरून धुकं चाललंय. त्या धुक्यात वरून बोलणं ऐकू यायला लागलं.

"पिशवी भर. तीनच्या गाडीनं संगमनेर, तिथून म्होरं तुजा मामा जीप घिऊन येतोय."

"आई, मी नाही येत."

"म्हंजी? मंग बाळंतपन काय काट्यावर करतीस, उसाच्या गाडीसंगं?"

"इथं सरकारी दवाखाना आहे ना. मी गेले तर अट मोडते."

"कसली अट?"

"चौदावी. हे बघ. 'कुटुंब नसताना पुरुषाने पंधरा दिवसांहून अधिक एकट्याने राहू नये.' मला तीन-चार महिने तरी लागतील तिकडे. मग बक्षीस गेलं. त्या पैशांत पिको-फॉलची मशीन घ्यायचं ठरवलंय आम्ही. आणि यांनी सही केलीय."

मी उठून बसले. चौदावी! ती अट कशी आली ते मला आठवलं. वर राहणाऱ्या एका लाईनमनने बायकोला गावी धाडून चार दोस्त आणून ठेवले होते आणि महिनाभर पत्ते पिसले होते. त्याच्या रागात ही बाई लिहायला बसली. ही बाई, जी स्वतः दोन्ही वेळा माहेरी बाळंत झाली. आईच्या हातचे डिंकाचे लाडू खात, शेक घेत, सव्वा महिना खाटेवरून न उतरलेली. तेव्हा हे इथे एकटे राहिले होते आणि रोज पिठलं करून जळवत होते. हे सगळं झालेलं असताना तिला लिहिताना एकदाही सुचलं नाही की बायको घरात नसण्याला दुसरं काही कारण असू शकतं. दंड होता तेव्हा लोक निदान पळून तरी गेले. बक्षीस लावलं, तर एक पोरगी ओटीपोटावर हात ठेवून माझ्या चौदाव्या अटीत अडकून बसली.

गुडघ्यांना शिव्या देत मी वर गेले. आईने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"या आजी. तुमचा कागूद लई भारी हाय. माज्या लेकीचं पोट बी त्यातच बसवलंय तुमी."

"मी नाही हो लिहिलं ते."

"मंग कुनी?"

"होती एक मूर्ख बाई. मेली नाही अजून, तीच पंचाईत आहे." मग पोरीला म्हटलं, "तू ऊठ. जा आईबरोबर. बक्षीस तुझंच आहे."

पोरीने मान हलवली. "असं नको, आजी. अट न पाळता घेतलं तर ते बक्षीस कसं? उपकार झाले ते."

आयुष्यात एक प्रामाणिक भाडेकरू मिळाला आणि तो माझ्याच मुळावर उठला. आई कपाळाला हात लावून म्हणाली, "ल्हानपनापासून आशीच हाय. चिचोके खेळताना सुद्दा लबाडी करायची न्हाई. हरायची आन् रडायची."

"बरं," मी म्हटलं. "अटच राहिली नाही तर?"

ओट्यापाशी गेले, फरशीवरच्या कागदातली चौदावी ओळ नखाने खरवडायला लागले. "असं नाही," पोरगी म्हणाली. "मूळ पानावर. आणि तुमच्या न् यांच्या, दोघांच्या सह्या. सही यांची आहे, माझी नाही."

तो सकाळपाळीला होता. दोनला सुटणार. गाडी तीनची. आई दर पाच मिनिटांनी खिडकीतून सावली बघत होती. मी खालून मूळ पान आणलं, पेन आणलं, पेन चालेना म्हणून दुसरं आणलं. पोरगी तोवर पिशवी भरत नव्हती. नुसती घडी घालायची, उलगडायची. तिचे डोळे मात्र सारखे त्या तांदळाच्या पिशवीकडे. तेव्हा मला कळलं, हिला जायचं किती आहे ते.

सव्वादोनला तो आला, भुवयांवर उसाची धूळ. सगळं ऐकून घेतलं, खोडलेली चौदावी ओळ दोनदा वाचली.

"आणि बक्षीस तसंच?"

"तसंच."

"मग आजी, यात तुमचा काय फायदा?"

"चार महिने दुपारची नाचणीच्या पापडांसाठी कुणी उठवणार नाही. हा काय कमी आहे?"

त्याने सही केली. मी केली. आईने विचारलं, "माजा आंगठा लागतो का?" आणि पहिल्यांदा हसली. मग मात्र पोरीने पंधरा मिनिटांत पिशवी भरली. मी हळदकुंकू लावून ओटी भरली, बजावलं, "मागच्या सीटवर बसू नकोस, दणके बसतात." तो दोघींना मोटरसायकलवर एकदम नेऊ शकत नव्हता, म्हणून रिक्षा केली आणि स्वतः रिक्षाच्या मागे मागे गेला, अगदी हळू, वरातीतल्यासारखा.

माघात एका सकाळी, दहाच्या सुमाराला, माझा मोबाईल वाजला. पोरीचा नवरा रात्रपाळी करून वर झोपला होता, फोन बंद करून.

"आजी, मी बोलतिया, आकोल्याहून. पोरगी झाली. दोगी बेस हायती. त्याचा फोन लागंना." आवाज थोडा ओला होता, पण टोमणा मारल्याशिवाय पोरीच्या आईला राहवेना. "तेवडं तुमचा कागूद बगून सांगा, दोगांच्या खोलीत तिसरं मानूस चालतं का?"

"बघावं लागेल," मी म्हटलं. "थांबा, फोन ठेवू नका."

वर जायचा धीर गुडघ्यांना नव्हता. मी कोपऱ्यातली जळमटं काढायची लांब काठी घेतली आणि छताला धाड धाड मारली. असं मी याआधी कुणाच्या डोक्यावर कधी वाजवलं नव्हतं. मग तो धावत, बनियनवर, अर्धवट झोपेत जिना उतरून दारात येऊन उभा राहिला.

"काय झालं आजी? माझं काही चुकलं का? नळ चालू राहिला का?"

मी फोन त्याच्या कानाला लावला.