दगडाचा हंगाम

“रिकाम्या हातानं कावून जायचं?” असं म्हणत आमच्या गावच्या चर्चचे पाळकसाहेब वाटेत वाकायचे आणि एक दगड उचलायचे. सायकलला मागे जुनी करंडी बांधलेली असायची. चौसाळ्याच्या बाजारातून लोक वांगी-मेथी घेऊन यायचे, हे दगड घेऊन यायचे. या वेळी चर्चनं डोक्यानं हलका माणूस पाठवला, असं गावानं पहिल्या महिन्यातच ठरवून टाकलं.

मी तेव्हा सेवा सोसायटीचा चेअरमन होतो. माझ्याकडे पाच गावांचे सभासद होते, लोखंडी कपाट होतं, शिपाई होता. पाळकसाहेबांकडे गावाबाहेरच्या वस्तीतली अठरा घरं आणि पत्र्याचं एक चर्च. तरी त्या माणसाचा मला हेवा वाटायचा. आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला पुढे हुडकत बसायला नको.

सलग दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला होता. टँकरच्या रांगेत रोज हाणामाऱ्या होत होत्या. अशा दिवसांत पाळकसाहेब पहिल्यांदा सोसायटीच्या ऑफिसात आले, तेही हातात दगड घेऊन. मी खुर्ची मागेच सरकवली. त्यांनी दगड हळूच टेबलावर ठेवला.

“ओढ्यावर दगडी बांध घालावा म्हनतो, चेअरमनसाहेब. पानी आडलं तर समद्या गावाच्या हिरीला उतरंल.”

“त्याचा ठराव कवाच झालाय आमचा. एकमतानं.”

“आन् बांध?”

“ठराव झालाय म्हनलं ना!”

ते हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. “मग हा दगड तुमचा,” ते उठत म्हणाले. “सवड झाली की घिऊन या.” मी तो ठरावांच्या कागदांवर ठेवून दिला. पंख्याखाली कागद उडायचे, त्याची सोय झाली.

ख्रिस्ती लोक चर्चमध्ये जमणाऱ्यांना मंडळी म्हणतात. “मंडळीला इचारून सांगतो,” असं पाळकसाहेब दर दोन वाक्यांनी म्हणायचे. मला आधी वाटलं, हा माणूस बायकोला फारच भितो. आमच्याकडे मंडळी नव्हती, सभासद होते. वार्षिक सभेला गणसंख्या भरायची नाही. मग सभा तहकूब करायची, अर्ध्या तासानं त्याच जागी, त्याच नऊ माणसांत पुन्हा भरवायची आणि चहा प्यायचा. त्यांच्या वस्तीत मात्र रविवारी घरात म्हातारंसुद्धा उरायचं नाही.

सुगी झाली की त्या चर्चमध्ये हंगामाचा सण असतो. कुणी ज्वारी, कुणी भोपळा, कुणी कोंबडी वेदीपुढं आणून ठेवतं आणि उपासना झाली की त्याचा लिलाव होतो. त्या वर्षी कसला हंगाम आणि कसली सुगी! आता सण बुडणार असं मला वाटलं, आणि खरं सांगतो, बरं वाटलं. पण पाळकसाहेबांनी आदल्या रविवारी मंडळीला सांगितलं, “दगडाचं पीक तर बुडालं न्हाई ना? त्येच आना.”

मी बघायला गेलो. आत जायला चप्पल काढावी लागली असती, म्हणून दारातच उभा राहिलो. वेदीपुढं दगडांचा ढीग होता. कुणी सुपातून आणलेले, कुणी टोपलीतून; एका आजीनं तर पदराखाली झाकून आणला होता. शेजारच्या बौद्ध वस्तीतली माणसं आली होती, गावातली आमचीही होती. प्रार्थना झाली आणि पाळकसाहेबांनी एक दगड वर धरला. लिलाव सुरू झाला, पण बोली पैशांची नव्हती, दिवसांची होती. जो ओढ्यावर जास्त दिवस राबेल, त्याचा दगड.

“एक दिवस!”

“तीन दिवस!”

“आठ दिवस!” मागून एका बाईचा आवाज आला. बावीस वर्षं तोच आवाज मला जेवायला हाक मारत होता.

माझा वर्गमित्र कानाशी येऊन म्हणाला, “चेअरमन, तुजी मंडळी गेली की बे मंडळीत!” आजूबाजूचे सगळे हसले. मीही हसलो, दात दाखवण्यापुरता.

बायकोनं देव बदलला नव्हता. तिचा मंगळवारचा उपाससुद्धा सुटला नाही. फक्त सकाळी भाकरी बांधून ती ओढ्यावर जायला लागली. “तू कावून जातीस?” मी एकदा विचारलं. “तुमी कवा बोलावलंत?” ती म्हणाली आणि टोपली उचलून चालू लागली.

बांध गुडघाभर झाला. मग कमरेइतका झाला. संध्याकाळी गाव तो बघायला जाऊ लागलं आणि माझ्यानं राहवेना. मी तहसीलला अर्ज लिहिला: ओढा सरकारी, बांधकाम विनापरवाना, तरी चौकशी व्हावी. खाली ‘एक जागरूक नागरिक’. काम बंद पडलं. मृग महिन्यावर आला होता आणि अर्धा बांध पहिल्याच पुरात वाहून जातो, हे मला चांगलं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तर लिहिलं होतं.

चार दिवसांनी पाळकसाहेब आले. खिशातून त्या अर्जाची झेरॉक्स काढून त्यांनी टेबलावर पसरली. शेजारी माझं सभेचं रजिस्टर उघडंच होतं. ते एकदा अर्जाकडे बघायचे, एकदा रजिस्टरकडे. शाळेत फळ्यावरचा सुविचार मास्तर माझ्याकडूनच लिहून घ्यायचे, असं माझं वळणदार अक्षर.

“अक्षर लई सुरेख हाय,” ते म्हणाले. एवढंच. मग अर्जाची घडी घालून खिशात ठेवली. “तहसीलवाले म्हनतेत, गावच्या संस्थेचा ठराव दाखवा आन् काम चालू करा. तुमच्या ठरावाची नक्कल द्या की.”

मी नक्कल लिहिली. त्याच हातानं, त्याच अक्षरात. सही करताना कान तापले होते. जाताना दारातून वळून ते म्हणाले, “बगा, तुमच्याच ठरावावर बांध हुतोय.” त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या, तर आमचा हिशोब मिटला असता. त्यांनी तेवढीही सवलत दिली नाही.

बांध पुरा झाला. पाऊस आला, पाणी अडलं, आणि पुढच्या उन्हाळ्यात गावात टँकर आला नाही. लोक त्याला पाळकाचा बांध म्हणू लागले. ठराव माझा आणि नाव त्यांचं! मी तिकडे फिरकलो नाही. पुढं मास्तरांच्या होतात तशी पाळकसाहेबांची बदली झाली. निरोप द्यायला सगळं गाव चौसाळ्यापर्यंत गेलं, मी ऑफिसात कागद चाळत बसलो. सायकल एसटीच्या टपावर चढवली तेव्हा मागची करंडी रिकामी होती, असं बायकोनं घरी येऊन सांगितलं.

पुढच्या हंगामाच्या सणाला ती म्हणाली, “तुमचा दगड कवा नेनार?”

“कंचा?”

“टेबलावरचा. बांधात तुमची जागा मोकळी हाय. सायबांनी कुनाला भरू दिली न्हाई. म्हनायचे, हितं चेअरमनचा दगड यायचा हाय.”

मी दगड पिशवीत घालून गेलो. सांडव्याच्या शेजारी, वरच्या थरात खरंच एक खाच होती. माझ्या अर्जानंतर बांधलेला थर होता तो. दगड ठेवला तर डुगडुगायला लागला. बायकोनं खाली एक कपची सारली आणि हात लावून बघितला. “बसला,” ती म्हणाली.

मी तिथंच टेकलो. पाण्याकडे बघवत नव्हतं. मी आयुष्यात कुणासाठी एवढी जागा कधी मोकळी ठेवली नव्हती, आणि या माणसानं ती कुणासाठी ठेवली, तर माझ्यासाठी. त्याचाही मला हेवाच वाटला. अजून वाटतो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पंखा लावला आणि सगळे ठराव खोलीभर उडाले. शिपाई दाबायला काहीतरी आणतो म्हणून बाहेर धावला.

“ऱ्हाऊ दे,” मी म्हणालो.