संध्याकाळी राख काढत नाहीत

गेल्या हिवाळ्यातले माझे जवळजवळ सगळे शनिवार-रविवार एका चुलीपुढे बसण्यात गेले. मला चुलीची हौस नाही. मी अमरावतीला नोकरी करते, भाड्याच्या खोलीत इंडक्शनवर खिचडी लावते आणि शनिवारी दुपारच्या गाडीने अकोल्याला घरी येते ती झोपायला. बडनेऱ्याला गाडीत बसले की मूर्तिजापूर येईपर्यंत माझं पांघरूण मला दिसायला लागतं.

घर जठारपेठेत आहे. घरात गॅस आहे, चहा-पोहे गॅसवरच होतात. पण मागच्या दारी टिनाच्या छपराखाली आईची मातीची चूल आहे आणि तिच्यावर रोज दोन वेळा ज्वारीच्या भाकरी होतात. आमच्यासाठी नव्हे, डब्यांसाठी. आसपासच्या घरांतली एकटी राहणारी म्हातारी माणसं, बँकेतले बदलीवर आलेले लोक, क्लासेसची मुलं, अशांना आईचे डबे जातात. भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी किंवा डाळभाजी. मी अमरावतीला गेल्यावर तिने हे सुरू केलं. त्याआधी या गल्लीत ती बाबांची बायको होती आणि माझी आई होती. आता लोक बाबांना 'भाकरीवाल्या ताईंचे मिस्टर' म्हणतात. बाबा सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, त्यांना ते आवडत नाही, आणि आईला ते किती आवडतं हे ती कुणाला दिसू देत नाही. मला दिसतं.

दिवाळीनंतर एका रविवारी शेजारच्या काकू भिंतीपाशी आल्या. त्यांचे यजमान वकील. आमच्या मागच्या अंगणाला लागून त्यांची खोली आहे. काकू आणि आई रोज दुपारी त्या भिंतीवर कोपर टेकवून बोलतात, माझ्या आठवणीत तरी कधी खंड पडला नव्हता. त्या दिवशी काकूंनी आधी हवापाण्याचं विचारलं, मग माझ्या नोकरीचं, आणि मग म्हणाल्या, "ताई, मी काही म्हणत नाही. पण मुलगी बाळाला घेऊन येतेय आणि तिची खोली नेमकी या बाजूची. तेवढे महिने चूल बंद ठेवता आली तर बघा."

आई म्हणाली, "हो ना वहिनी, काहून नाही." आत आली आणि परात अशी आपटली की बाबांनी पेपर खाली घेतला.

काकूंचं काही चुकत नव्हतं. आमच्या चुलीचा धूर वर जायचं सोडून आडवा जातो, छपराला थडकतो आणि खाली वाकून बरोबर त्यांच्या खिडकीत शिरतो. तान्ह्या बाळाच्या खोलीत तो जाऊ नये हे मलाही पटत होतं. पण तेवढे महिने चूल बंद म्हणजे डबे बंद, आणि माणसं एकदा दुसरीकडे जेवायला लागली की परत येत नाहीत. आईने दोन दिवस गॅसवर भाकरी करून पाहिल्या. निवृत्त मुख्याध्यापक असलेल्या एका आजोबांनी निरोप पाठवला, आज भाकरी बाहेरून मागवली का. तिसऱ्या दिवशी आईने मला अमरावतीला फोन केला.

"तू तं केमिस्ट्री शिकली ना? मंग ह्या धुराचं कर काही."

मी एम.एस्सी. केलं त्यात चूल कुठेच नव्हती. पण मला नाही म्हणता येत नाही. घरात तर नाहीच. शाळेत सगळं इंग्रजीत, घरात सगळं वऱ्हाडीत, आणि मी दोन्हीकडे ऐकून घेण्यात पटाईत झाले. तर मी वाचलं, व्हिडिओ पाहिले, आणि एक साधी गोष्ट कळली. धूर म्हणजे न जळलेलं सरपणच. आमच्या चुलीत पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, आणि बाभळीची लाकडं जमिनीवर, स्वतःच्याच राखेत लोळत असतात. खालून हवा नाही. सरपण जाळीवर उचलून घेतलं, जाळीखाली मोकळी जागा ठेवली आणि मागच्या बाजूला ज्वाळेच्या उंचीवर चार भोकं पाडली, तर हवा खालून आणि वरून दोन्हीकडून मिळते आणि धूर होण्याआधीच जळून जातो. बारीक मोडलेलं, वाळलेलं सरपण थोडं थोडं घालायचं, एवढंच.

हे मी आईला समजावून सांगितलं. ती भाकर थापत होती. म्हणाली, "जाळ तं जाळ. त्याले का पलंग लागते?"

जाळी वेल्डिंगच्या दुकानातून करून आणली. दुकानदाराने चूल आहे का पोपटाचा पिंजरा असं विचारलं आणि मी उत्तर न देता उभी राहिले, त्यामुळे त्याने ते दोनदा विचारून दोनदा स्वतःच हसून घेतलं. रविवारी सकाळी मी चूल खोदून जाळी बसवली, ओल्या मातीत सळईने भोकं पाडली. पऱ्हाट्या पेटल्या आणि खरंच, धूर नाही. स्वच्छ, सरळ, आवाज करणारा जाळ. बाबा खुर्ची घेऊन बघायला आले. मला इतका आनंद झाला की मी तो लपवायला घरात गेले. तेवढ्यात पहिली भाकर करपली.

"ह्याले जाळ म्हणा का वैर?" आई म्हणाली. तवा भलताच तापत होता. मी म्हटलं, सरपण कमी घाल. आईने आयुष्यात कधी चुलीत कमी सरपण घातलेलं नाही. ती चुलीचं तोंड गच्च भरते आणि पीठ मळायला निघून जाते, म्हणजे पुन्हा पुन्हा उठायला नको.

मी अमरावतीला गेले. आठवडाभर फोनवर विचारलं की चूल कशी आहे, तर उत्तर यायचं, मस्त आहे. आई फोनवर सगळ्यालाच मस्त म्हणते, ताप असला तरी. शनिवारी घरी आले तर छपराखाली पूर्वीसारखाच धूर, आणि मागची भोकं गायब. चूल नवीन असल्यासारखी गुळगुळीत.

"भोकं कुठे गेली?"

"बुजवली. चूल सारवली तं अशी उघडी भोकं ठेवू का? चांगली दिसते का ती?"

बोलायला लागले असते तर मूर्तिजापूरपर्यंत ऐकू गेलं असतं. भोकं पुन्हा पाडली. या वेळी त्यात बांबूच्या नळ्या घालून ठेवल्या आणि आईला सांगितलं की सारवल्यावर नळ्या उपसायच्या. ते मात्र तिने केलं. नळ्यांना ती 'हिचे नळ' म्हणायला लागली.

मग नवीनच भानगड. बाबांनी फोनवर सांगितलं की सकाळी धूर नसतो, संध्याकाळी असतो. तेच सरपण, तीच चूल. मला वाटलं पऱ्हाट्या ओल्या असतील. त्या अकोटकडच्या मामांच्या शेतातून येतात आणि मामा टेम्पो भरताना वाळलं-ओलं बघत नाहीत. पण ओल्या असत्या तर सकाळीही धुमसल्या असत्या. दरम्यान काकूंची मुलगी येऊन पोचली होती आणि ती खिडकी संध्याकाळी बंद व्हायला लागली होती. भिंतीवरच्या दुपारच्या गप्पाही थांबल्या. आई म्हणायची, त्यांना बाळाचं काम असतं. खरं म्हणजे आईच भिंतीकडे जात नव्हती.

पुढच्या रविवारी मी दिवसभर मागच्या पायरीवर बसून राहिले. पुस्तक हातात धरलं की मला कुणी काही विचारत नाही, हा माझा जुना अनुभव आहे. सकाळी आईने आधी जाळीखालची सगळी राख काढली, मग जाळ केला. धूर नाही. दुपारी भाकरी झाल्यावर उरलेला विस्तव, त्याला आई इस्तो म्हणते, तो तिने राखेत नीट झाकून ठेवला, म्हणजे संध्याकाळी काडी ओढावी लागत नाही. संध्याकाळी त्याच राखेवर तिने पुन्हा सरपण घातलं. राख जाळीच्या गजांना टेकली होती. खालून हवेला वाटच नव्हती. जाळी असून नसल्यासारखी.

एवढंच होतं. मी उठून खुरपं घेतलं आणि राख ओढायला लागले. आईने माझं मनगट धरलं.

"आता नको काढू."

"काहून?" मीसुद्धा चिडले की वऱ्हाडीत जाते.

"दिवे लागले."

मला क्षणभर कळलंच नाही. दिवेलागणीनंतर राख घराबाहेर काढली की लक्ष्मी जाते म्हणतात, ते हे, असं कळलं तेव्हा खरं वाटेना. आमच्याकडे आजोबांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हाच देव, उपास, शुभ-अशुभ सगळं घराबाहेर गेलं. मांजर आडवं गेल्यावर थांबणाऱ्या माणसाला आई भर रस्त्यात हसते. अमावास्येला तिने बाबांचं ऑपरेशन करून घेतलं, डॉक्टरांनी दुसरी तारीख सुचवली तरी.

"आई, आपण हे मानतो?"

"मानत नाही."

"मग?"

"मानत नाही, अन् काढत बी नाही."

बाबा दारातून म्हणाले, "तिच्या आईकडून आलं ते. सगळं घर बदललं, चुलीपर्यंत कोणी पोचलं नाही." आणि मदत न करता आत गेले.

मी म्हटलं, मग चारला काढ, दिवे लागायच्या आत. तर म्हणे मंग इस्तो कुठी राहीन. मी म्हटलं, काडेपेटी आहे. तर म्हणे काडेपेटी तर गॅसलाही आहे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी धुरावर घातलं. धूर तेवढ्यासाठी उपयोगी होता. आई जाळाकडे बघत म्हणाली, "राहू दे वं पोरी. बंद करतो मी चूल. महिनाअखेरी सगळ्यायले सांगून देतो." ती हे रागाने म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने ते भाजीत मीठ कमी पडलं असं सांगावं तसं सांगितलं आणि पुढची भाकर थापायला घेतली.

त्या आठवड्यात ऑफिसात माझं लक्ष नव्हतं. राख काढायची नाही, पण जाळीखाली ठेवायचीही नाही. शुक्रवारी कधीतरी डोक्यात आलं की आईचा आक्षेप राख हलवण्याला नाही, ती घराबाहेर जाण्याला आहे. शनिवारी स्टेशनवरून घरी न जाता वेल्डिंगच्या दुकानात गेले आणि जाळीखाली सरकेल असा पत्र्याचा पसरट ट्रे करून घेतला, पुढे धरायला कडी. दुकानदाराने पिंजऱ्याला खालचा ट्रेही लागतोच म्हटलं. या वेळी मी हसले, नाहीतर तो पुन्हा विचारणार होता.

आईने ट्रे उलटासुलटा करून पाहिला. "म्हंजे राख ह्यात पडते. अन् ह्याले समोर ओढला तं राख बाहेर नाही जात?"

"नाही. इथेच, छपराखाली कोपऱ्यात ठेवायचा. विस्तवही त्यातच राहील."

"सकाळलोक?"

"सकाळपर्यंत."

दिवेलागणीला तिने कडी धरून ट्रे पुढे ओढला, राखेतल्या निखाऱ्यावर पऱ्हाटी पेटवून घेतली आणि ती जाळीवर ठेवली. धूर नाही. दुसऱ्या शनिवारी आले तेव्हाही नव्हता, तिसऱ्या शनिवारीही नव्हता. काकूंच्या खिडकीचं एक दार उघडं दिसलं. महिनाअखेर आली आणि गेली, आईने डबे बंद करण्याचं कुणाला सांगितलं नाही आणि मीही आठवण करून दिली नाही.

मला वाटलं, संपलं. आता मी झोपेन.

त्या रविवारी संध्याकाळी मी परतीच्या गाडीसाठी बॅग भरत होते. काकू मागच्या फाटकातून आल्या, हातात रिकामी लोखंडी शेगडी. "ताई, ओंजळभर निखारे द्याल का? बाळाला शेक द्यायचाय. बाजारच्या कोळशाला मेला वास येतो. तुमच्या बाभळीचे बरे."

आईने चुलीत पाहिलं. जाळीवर शेवटच्या पऱ्हाट्या जळून गेल्या होत्या. ट्रेमध्ये मऊ पांढरी राख आणि काडी पेटवण्यापुरता एखादा निखारा. इतकं छान जळत होतं सगळं की मागे काही उरतच नव्हतं.

"हिले विचारा," आई माझ्याकडे बोट करून म्हणाली. "हिनं निखारेच ठेवले नाही चुलीत."

मी आत्ताच दुकानातून चांगला कोळसा आणून देण्याचं कबूल करत होते. कुणी ऐकत नव्हतं. आईने सांडशीने माझी तापलेली जाळी उचलून भिंतीला टेकवली, चुलीच्या तळाशी बाभळीची जाडजूड लाकडं रचली आणि चुलीचं तोंड गच्च भरून टाकलं. "बसा वहिनी, होतेच आता." काकू पाट ओढून बसल्या. बाळ कुणावर गेलंय, रात्री किती उठवतं, जावईबापू कधी येणार, सगळं निघालं. भिंतीवर थांबलेलं बोलणं जिथे सुटलं होतं तिथूनच सुरू झालं.

आणि धूर निघाला. आडवा, दाट, छपराला थडकून खाली वाकलेला, थेट त्या खिडकीत.

"काकू, खिडकी," मी म्हटलं. माझ्या मानाने मोठ्याने. "बाळ आत आहे."

"अगं, त्याला पुढच्या खोलीत निजवलंय," काकू मागे वळूनही न बघता म्हणाल्या. "राहू दे, थोडा तर धूर आहे." मग आईला म्हणाल्या, "रोज लागतील हो ताई आता. बाळंतपण आहे."

"रोज या ना मंग," आई म्हणाली. माझ्याकडे न बघता तिने जाळीकडे हात केला. "अन् तू जायच्या आंधी ते तुझं परत बसवून जाय. सकाळी डबे हायेत. मले नाही जमत ते."

जाळी अजून हात लावू देत नव्हती. मी बॅग खाली ठेवली आणि ती निवायची वाट बघत पायरीवर बसले.